खाली ऐकू येतंय का

शीलानं गोधडीला आणखी एक घडी घातली, ती ढोलाच्या पानावर, ताणलेल्या कातड्यावर, चापून बसवली आणि वरून सुतळीचे वेढे देत गच्च आवळली. टोक दातात धरून गाठ मारली आणि ती मागं सरकली.

"मारा आता."

कडूबा पलंगाच्या कडेला बसले होते. ढोल त्यांच्यासमोर खुर्चीत, दोन्ही बाजूंना उशा लावून, पाहुण्याला बसवावं तसा बसवला होता. त्यांनी उजव्या हातातली काठी उचलली आणि गोधडीवर मारली. ओल्या चादरीवर धोपटणं पडावं तसा धप् आवाज झाला.

"ह्यो ढोल हाय का ज्वारीचं पोतं?" कडूबा म्हणाले.

"पोतं तर पोतं. तुम्ही मारत रहा, मी खाली जाऊन ऐकते."

तिनं चप्पल पायात सरकवली आणि जिना उतरून खालच्या मजल्यावर आली. ताहेराखालांचं दार लोटलेलंच होतं. बैठकीत छताच्या कडीला साडीची झोळी बांधलेली, झोळीत याह्या झोपलेला. ताहेराखालांनी ओठावर बोट ठेवलं आणि शीलाला हातानंच आत बोलावलं. दोघी भिंतीला लागलेल्या काचेच्या कपाटापाशी उभ्या राहिल्या. वरून धप् झालं. कपाटातल्या कपबशा किणकिणल्या. पुन्हा धप्. पुन्हा किणकिण. याह्यानं झोळीत पाय झाडले.

"कानाला कमी लागतं आता," ताहेराखाला कुजबुजल्या. "पण घराला कळतं, बेटा."

ढोल गारखेड्यातल्या त्या इमारतीत आला तो मागच्या रविवारी. दिवाळीनंतर गावी असताना कडूबांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. फर्दापूरच्या अलीकडच्या त्या वस्तीवरून रामेश्वरनं वडलांना जीपमध्ये घालून आणलं, दवाखाना झाला, तोंड जाग्यावर आलं, पाय उचलायला लागला. डावा हात मात्र मांडीवर ठेवला तिथंच राही. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी त्यांना रबराचा चेंडू दाबायला दिला. कडूबांनी तो दोनदा दाबला आणि बाजूला ठेवून दिला. शेवटी त्या बाई म्हणाल्या, "आजोबा, या हाताला आयुष्यभर जे करायला आवडलं ते द्या त्याला." त्यावर कडूबांनी मुलाकडं पाहिलं आणि रामेश्वर रविवारी गावी जाऊन ढोल घेऊन आला.

बिरोबाच्या जत्रेत फेऱ्यात नाचणाऱ्यांना ज्याच्या ठोक्यावर पाय टाकावा लागतो, तो ढोल कडूबांच्या गळ्यात असायचा. मेंढरं होती तेव्हाही, मेंढरं विकून मका आणि कपाशी करायला लागले तेव्हाही. ढोल घरात आल्या आल्या त्यांनी बसल्या जागी त्याच्यावर काठी मारली. एकदाच. तेवढ्यानं खाली ताहेराखालांचा नातू दचकून उठला तो संध्याकाळपर्यंत झोपला नाही. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन केला, खालून वॉचमन मान वर करून बघत राहिला. ताहेराखाला स्वतः वर आल्या, दारातच उभ्या राहिल्या. त्यांची लेक कहकशा बाळंतपणाला आलेली, बाळ अजून चाळीस दिवसांचंही नव्हतं.

"भाईसाब, तुमचं वाजवणं बंद करा असं मी नाही म्हणत," त्या म्हणाल्या. "पण काही तरी तरकीब काढा. बच्चा लई बारीक आहे."

कडूबांनी मान खाली घातली. ढोलाच्या आवाजासाठी कुणापुढं मान खाली घालायची त्यांची ती पहिलीच वेळ असावी. शीलानं ते पाहिलं आणि त्या दिवसापासून तरकीब काढण्याचं काम तिनं आपल्याकडं घेतलं.

ती सकाळी एका शाळेच्या ऑफिसात कारकून होती. दुपारी जेवायच्या वेळेला घरी यायची. मुलगी संस्कृती नाशिकला नर्सिंगला, रामेश्वर वाळूजच्या कंपनीत. दुपारचं घर सासरे-सुनेचं असे. आधी तो वेळ दोघांनाही जड जायचा. मामा खिडकीत, ती स्वयंपाकघरात. बोलणं झालंच तर गोळीचं, नाहीतर नळाला पाणी कधी येणार त्याचं.

आता बोलायला ढोल आला होता.

कपबशांचं ऐकून कडूबा विचारात पडले. मग म्हणाले, "आवाज वरनं जात नाय. खुर्चीच्या पायातनं जातोय. मेंढरू लांब असलं तरी जमिनीला कान लावला की कळतं का नाय? तसं."

शीलानं सूतगिरणी चौकातल्या पंक्चरवाल्याकडून जुन्या टायरचे तुकडे आणले. खुर्चीच्या चारी पायांखाली एकेक तुकडा, त्याखाली काथ्याचं पायपुसणं, त्याखाली संस्कृतीच्या पलंगावरची जुनी गादी. ढोलाच्या डाव्या पानावर सतरंजीची घडी बांधली. सगळं झाल्यावर खुर्ची इतकी उंच झाली की कडूबांना ढोल हनुवटीला लागायला लागला, म्हणून पलंगावर त्यांच्याखाली उशी आली. रामेश्वर कंपनीतून आला तेव्हा वडलांकडं बघत दारातच थांबला.

"हे काय, दादाला गादीवर बसवलंय का ढोलाला?"

"दोघांनाबी," कडूबा म्हणाले.

शीला पुन्हा खाली गेली, पुन्हा कपाटापाशी उभी राहिली. या वेळी कपबशा गप्प होत्या. तिनं वर येऊन तसं सांगितलं. कडूबांना ते पटलं नाही.

"तू ऐकून येती आन् मला सांगती. माह्या कानानं ऐकल्याबिगर मला कसं कळंल?"

"मग या खाली. त्या बाईंनी जिना चढ-उतर करायला सांगितलंच आहे."

"येतो. पन मी खाली गेल्यावर हितं वाजवनार कोन? भूत?"

शीला हसली. मग तिच्या लक्षात आलं की मामा हसत नाहीयेत. ते काठी तिच्यापुढं धरून बसले होते.

तिचा हात पुढं झाला नाही. लग्न होऊन ती वस्तीवर आली त्या पहिल्याच वर्षी घर झाडताना तिनं खुंटीवरचा ढोल उचलून बाजूला ठेवला होता, तेव्हा सासूबाई, बानाबाई, चुलीपुढून धावत आल्या होत्या. बाईचा हात लागला की ढोल रुसतो, असं त्यांनी तिला समजावून सांगितलं होतं. रागावून नाही, विस्तवाला हात लावू नको म्हणून सांगावं तसं. बानाबाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली होती, पण शीला अजूनही ढोलाला पदराच्या टोकानंच पुसायची.

"आत्यांनी मला सांगितलं होतं, मामा. ढोलाला हात लावायचा नाही."

कडूबांनी खुर्चीकडं पाहिलं. "ह्यो ढोल हाय व्हय? मला तर गोधडी दिसती. गोधडीला हात लावायला बाईला कुनाची बंदी?"

ते कठडा धरत जिना उतरले. शीला वरून बघत राहिली. पायरीवर पाय टेकायचा, थांबायचं, पुढचा टाकायचा. खालचं दार उघडल्याचा आवाज आला, "या भाईसाब, बसा" असं ऐकू आलं, आणि मग तिच्या हातातला फोन वाजला. तो तिनं स्पीकरवर टाकून उशीवर ठेवला.

"मार," फोनमधून कडूबा म्हणाले.

तिनं काठी मारली. काठी गोधडीवरून उडाली आणि तिच्याच गुडघ्यावर बसली.

"आवाज आला का, मामा?"

"नीट कळंना. पुन्ना मार. एकसारखं मारत ऱ्हा. एक ठोका हितं, एक तितं, असं केल्यावर तपासनी कशी व्हायची?"

असा त्यांचा दुपारचा कार्यक्रम सुरू झाला. जेवण झालं, ताटं घासून झाली की कडूबा चप्पल घालायचे आणि म्हणायचे, "जातो. आवाज बघायचा हाय." खाली ताहेराखाला चहा ठेवायच्या. वर शीला पदर खोचून उशीवर बसायची.

तपासणी काही संपेना. आज काठीचा आवाज बघितला तर उद्या थापेचा बघायला हवा. काठीचं झालं, थापेचं झालं, तर दोन्ही मिळून किती होतो ते बघायला हवं.

"धुम् म्हंजे उजवा, काठीचा. ताक म्हंजे डावा, हाताचा," फोनमधून कडूबा सांगायचे. "म्हन तोंडानं आधी. धुम् ताक, धुम् धुम् ताक."

"धुम् ताक, धुम् धुम् ताक."

"आता हातानं. तोंड मिटून."

एक दिवस म्हणाले, "ही चाल हळूची हाय. हळूच्या चालीनं घर हलत नसतं. खरी तपासनी जलद चालीत. पाय उचलायला लागले की ठोका कसा पडतो ते बघाय पायजे." आणि मग हळूच्या चालीतून जलद चालीत जायचं कसं, ते सांगण्यात आठवडा गेला. तिथं एक ठोका गाळायचा असतो. तो गाळलेला ठोका नाचणाऱ्याच्या पायात पडतो. शीलाला तो गाळता येईना. तिचा हात न चुकता तिथं पडायचा आणि फोनमधून आवाज यायचा, "मोकळं सोड तितं. जागा भरू नको. दुसऱ्याला जागा ठीव."

ती शाळेत बोनाफाईड लिहिता लिहिता टेबलावर बोटं आपटू लागली. भाकरी थापताना हात वेगळ्याच लयीत पडायचा, भाकरी एका बाजूला पातळ व्हायची. तिच्या डाव्या तळव्याला अंगठ्याच्या बुडाशी कातडी जाड, टणक झाली. रामेश्वरनं एकदा तिचा हात हातात घेतला तेव्हा अंगठा तिथं फिरवला आणि विचारलं, "हे काय झालं?" तिनं "पोळपाटामुळं" असं काहीतरी सांगितलं. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

खाली कडूबांचंही बरं चाललं होतं. ताहेराखालांचं माहेर सिल्लोडचं निघालं. मग कापसाच्या गाड्या कुठून जायच्या, कुठल्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यातही आटायचं नाही, मका काढून झाल्यावर रानात मेंढरं बसवायला कोण कोण मेंढपाळ यायचे, असल्या गोष्टींना अंत नव्हता. ताहेराखालांच्या अब्बांच्या रानातही मेंढरं बसायची. लहानपणी त्यांना कोकराला हात लावायचा असे आणि मेंढपाळाचा कुत्रा लावू देत नसे. "तुमचाच असेल तो कुत्ता," त्या कडूबांना म्हणायच्या. कडूबा म्हणायचे, "माहा न्हवता. माहा कुत्रा लई अदबीचा व्हता." कहकशा पहिल्यांदा पडद्याआड बसायची, पुढं पुढं बाहेर येऊन बसू लागली. झोळीची दोरी कडूबांच्या हातात दिली की तिला केस विंचरायला वेळ मिळे.

दोरी डाव्या हातात दिली जायची. ती कल्पना ताहेराखालांची. पहिले काही दिवस बोटांतून दोरी सुटायची. मग सुटेनाशी झाली. माघ लागेपर्यंत कडूबा डाव्या हातानं कप उचलून तोंडाला लावू लागले. व्यायामाच्या बाईंनी शाबासकी दिली, ढोलाचा गुण आला म्हणाल्या. त्या गेल्यावर कडूबांनी पलंगावर बसून सतरंजीवर डाव्या हातानं थाप मारून पाहिली. शीला दारातून बघत होती. हात पडला, पण उशिरा पडला आणि पडून तिथंच राहिला. त्यांनी तो उजव्या हातानं उचलून मांडीवर घेतला. सतरंजीची घडी विस्कटली होती, ती नीट केली.

त्याच आठवड्यात गावाकडून त्यांचा पुतण्या सोमनाथ पंपाचं सामान घ्यायला शहरात आला. तो जेवायलाच थांबला. गोधडीत गुंडाळलेला, टायरवर चढवलेला ढोल बघून त्याला हसू आवरेना.

"तात्या, ढोलाला थंडी वाजती का?"

"हसून घे," कडूबा म्हणाले.

जेवण झाल्यावर सोमनाथ कामाचं बोलला. जत्रा पौर्णिमेला. यंदा तात्यांना जमायचं नाही हे वस्तीला माहीत होतं. पुढचा ढोल कोण धरणार यावर दोन बैठका झाल्या होत्या, मन कुणावर बसत नव्हतं. पोरांना जलद चाल येते, पण पोरं सुरुवातीपासूनच जलद वाजवतात आणि म्हाताऱ्यांची दमछाक होते. कुणी का वाजवेना, ढोल मात्र हाच पाहिजे असं सगळे म्हणाले होते.

"तर ढोल न्यावा म्हंतो. पिकअप हायच संगं."

शीलाच्या हातातलं ताट तसंच राहिलं. तिला वाटलं, मामा आता हो म्हणतील आणि उद्या दुपारी ती जेवून काय करील?

"आज नगं," कडूबा म्हणाले.

"मग कवा?"

"आजून तपासनी व्हायचीय."

"कसली तपासनी?"

"आवाजाची."

सोमनाथनं शीलाकडं पाहिलं. तिनं खांदे उडवले आणि ताट घेऊन आत गेली. तो गेल्यावर तिनं बराच वेळ नळ सोडून ठेवला, टाकीतलं पाणी जपून वापरायचं असतं हे माहीत असूनही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. शीलानं मेथीची धिरडी केली होती, त्यातली गरम गरम डब्यात घालून ती सकाळीच खाली गेली. कहकशा बाळाला तेल लावत होती. ताहेराखाला ओट्यापाशी होत्या.

"खाला," शीला म्हणाली, "एक विचारायचं होतं. खरं सांगा. आम्ही रोज इतका वेळ वाजवतो. तुम्हाला त्रास नाही ना होत? जलद चाल सुरू झाली की कपाट हलतं का अजून?"

ताहेराखालांनी तवा उतरवला. "कोणती चाल?"

"मी वाजवते ती. दुपारची."

"बेटा, टायर लावले तेव्हापासून खाली काहीच येत नाही."

"काहीच नाही?"

"सुई पडावी इतकंसुद्धा नाही. बच्चा बघ ना कसा झोपतो. मी भाईसाबांना पहिल्याच दिवशी सांगितलं, आता आराम आहे, तुम्ही कशाला जिना उतरायची तकलीफ घेता. तर म्हणाले, असं बोलू नका, वर कळू देऊ नका." त्या हसल्या. मग शीलाचा चेहरा बघून थांबल्या. "मला वाटलं, तुला माहीत असेल."

"मग ते मला चुका कसे सांगतात?"

"फोनमध्ये ऐकतात की. कानाला असा दाबून धरतात. डोळे मिटतात. इकडं हात दोरी ओढतो, तिकडं ओठ हलत असतात. मी चहा समोर ठेवते तर थंड होऊन जातो." ताहेराखालांनी डबा रिकामा करून तिच्या हातात दिला. "माझे अब्बा मला कुरान शिकवायचे, अगदी असेच बसायचे. मी चुकले की बघायचे नाहीत. फक्त थांबायचे."

शीला डबा घेऊन बाहेर आली. आपल्या मजल्यावर न जाता ती मधल्या वळणावर पायरीवर बसली. खाली पार्किंगमध्ये कुणीतरी स्कूटर धूत होतं. तिनं डबा मांडीवर उलटा ठेवला, त्यावर हात ठेवले, आणि न वाजवता तसेच ठेवून दिले. थोड्या वेळानं तिला हसू आलं, आणि हसता हसता तिनं पदरानं नाकही पुसलं.

वर कडूबा खिडकीत बसले होते. "धिरडी आवडली का त्यांला?"

"आवडली."

"आनिक काय म्हनल्या?"

"काही नाही. बाळ बरं आहे म्हणाल्या."

रामेश्वर जेवून मित्राच्या गाडीचं काम बघायला गेला. कडूबा नेहमीप्रमाणं उठले, चप्पल शोधू लागले. शीलानं ती त्यांच्या पायापुढं आणून ठेवली.

"जातो. आवाज बघायचा हाय."

"बघा," शीला म्हणाली. "आज जरा नीट बघा, मामा."

कडूबांनी मान वर करून तिच्याकडं पाहिलं. मग कठड्याला हात घातला.

फोन आला तेव्हा ती बसलेली नव्हती. तिनं ढोल गोधडी-सतरंजीसकट खुर्चीतून काढला होता, त्याचा पट्टा गळ्यात घातला होता आणि ती खिडकीकडं पाठ करून उभी होती. वजन तिला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त होतं. ते खांद्यावर नव्हतं पडत, कमरेवर पडत होतं, आणि पाय आपोआप फाकून जमिनीवर घट्ट बसत होते.

"मार," फोनमधून आवाज आला. "काल जितं सोडलं तितनं."

तिनं काल सोडलं तिथून घेतलं नाही. फेरा सुरू होण्याआधी, माणसं अजून चुन्याच्या डब्या काढून गप्पा मारत असतात तेव्हा, पुढचा ढोलवाला त्यांना आत बोलवायला एक हाक वाजवतो. एक लांब ठोका, मग थांबायचं. दुसरा, मग त्याहून कमी थांबायचं. दगड उतारावरून सुटावा तसे ठोके जवळ जवळ येत जातात आणि ऐन भरात आले की तुटतात. ती हाक कडूबांनी तिला शिकवली नव्हती. तिचं नावही त्यांनी काढलं नव्हतं.

शीलानं डोळे मिटले आणि पहिला ठोका दिला. थांबली. माहेरच्या वस्तीवर पुरुषांच्या पाठीमागं बायकांची रांग असे. तिथं काही दिसत नसे. आईच्या कमरेला धरून ती उभी असायची आणि समोर नुसत्या पाठी, फेटे, उधळलेल्या भंडाऱ्याचा पिवळा धुरळा. पण हाक आली की तिचा हादरा आईच्या पोटातून शीलाच्या हातांना कळायचा. दुसरा ठोका. तिसरा. डावा हात कुठं पडायचा ते तिला कुणाला विचारावं लागलं नाही. ठोके जवळ आले, एकमेकांवर चढले आणि तिनं ते तोडले.

फोनमधून झोळीच्या कडीचा करकर आवाज येत होता, तो थांबला होता.

"हे कोनी शिकवलं?" कडूबांनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी हळू होता, बाळ झोपलं असावं.

"कोनी नाय," शीला म्हणाली. शाळेतली भाषा सुटून वस्तीवरची बोली तिच्या तोंडी आली होती. "मागं उभं ऱ्हाऊन ऐकलंय. सगळ्याच बाया ऐकतात, मामा."

तिनं पट्टा खांद्यावर सारखा केला.

"मामा, खाली ऐकू येतंय का?"

कुणीतरी कप बशीत ठेवला. कडूबांनी घसा साफ केला.

"येतंय," ते म्हणाले. "लख्ख येतंय."

त्या दिवशी ते वर यायला उशीर झाला. आले, हातपाय धुतले आणि सोमनाथला फोन लावला. ढोल न्यायला पिकअप पाठवू नको, आम्हीच येतो घेऊन, एवढंच बोलले. का आणि कोण, हे सोमनाथनं विचारलं असावं, पण त्यांनी फोन ठेवून दिला होता.

जेवताना रामेश्वरनंच विषय काढला. सोमनाथनं त्याला फोन केला होता.

"दादा, तुम्ही जत्रेला येणार म्हणता. प्रवास झेपंल का? आन् ढोल तिथं कोन घेनार?"

"शीला येनार हाय संगं."

"ती तर दरसाली येतीच की."

"दरसाली मागं उभी ऱ्हाती," कडूबा म्हणाले आणि भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. डाव्या हातानं ताट धरलं होतं.

रामेश्वरचा घास तसाच राहिला. त्यानं वडलांकडं पाहिलं. मग शीलाकडं. ती आमटीच्या पातेल्यात डाव घालून उभी होती, वाढायला वाकलेली आणि वाढायची थांबलेली. त्यानं तिच्या तळव्याकडं पाहिलं, अंगठ्याच्या बुडाशी. वस्तीवरच्या माणसांची नावं एकेक करून त्याच्या डोळ्यापुढून जात असावीत, कारण तो दाराच्या चौकटीकडं बघत राहिला, जणू ती माणसं तिथं येऊन उभी राहिली आहेत.

"लोक..." तो म्हणाला आणि थांबला.

खालून याह्याचं रडणं ऐकू आलं, लगेच ताहेराखालांचा आवाज आला, आणि दोन्ही शांत झाले.

रामेश्वरनं पाण्याचा तांब्या उचलला, प्यायला, खाली ठेवला.

"पुढच्या ढोलाच्या बाजूला झांजा लागतात ना?" त्यानं विचारलं.

"लागतात की."

"मग त्या धरायला कुनी तरी घरचं पायजे." त्यानं घास तोंडात घातला आणि चावत चावत म्हणाला, "कंपनीत सुट्टीचं बघतो उद्या."

शीलानं त्याच्या वाटीत आमटी वाढली. मग त्यानं मागितली नव्हती तरी एक भाकरी त्याच्या ताटात ठेवली आणि आपलं ताट वाढून घ्यायला वळली.